तिकडं तोड कोण करतं?

महालक्ष्म्यांची जेवणं झाली, सवाष्णी ओटी घेऊन आपापल्या घरी गेल्या, पुरुषांच्या पंगती उठल्या, आणि साडेचारच्या सुमाराला आम्ही तिघी मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसलो. पोटात पुरणपोळी, कटाची आमटी, वर वाटीभर आंबील. डोळ्यांवर झापड. केज तालुक्यातलं हे घर आमच्यातल्या होणाऱ्या नवरीचं. तिच्या माहेरपणातल्या या शेवटच्या महालक्ष्म्या म्हणून मी लातूरहून आणि आमची डॉक्टरीण अंबाजोगाईहून मुद्दाम आलो होतो. चौथी मैत्रीण लंडनमध्ये, ती आठवडाभर तिथून ग्रुपवर एकामागून एक फोटो टाकत होती. लग्न एप्रिलमध्ये, त्याआधी आम्ही चौघींनी बार्बाडोसला जायचं ठरवलं होतं, आणि गेले दोन महिने आमच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. मोरीजवळ मावशी पितळेची पातेली घासत होत्या. पावसाळाभर त्या या घरी कामाला येतात, शेतात खुरपायलाही जातात, आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघून जातात. फोटो बघताना आम्ही जरा जास्तच मोठ्यानं ओरडलो असू, कारण मावशी हात पदराला पुसत उठून आल्या आणि नवरीच्या खांद्यावरून फोनमध्ये बघायला लागल्या.

फोटो असा होता : खाली काचेसारखं निळं पाणी, मग वाळूची पांढरी कड, तिच्यावर टेकाड, टेकाडावर एक जुनी दगडी पवनचक्की आणि तिच्या चौफेर हिरवंगार उंच पीक. मावशींनी डोळे बारीक केले. पाण्याकडं त्यांनी बघितलंच नाही. ओलं बोट त्यांनी थेट त्या हिरव्यावर ठेवलं.

"ताई, ह्यो तर ऊस हाय की."

"हो मावशी, ऊसच असेल," नवरी म्हणाली.

"मंग तिकडं तोड कोन करतंय?"

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. डॉक्टरीण म्हणाली, "मशीन असतील हो मावशी, बाहेरचा देश आहे तो." मावशी "आसंल" म्हणाल्या आणि परत जाऊन पातेल्याला नारळाची शेंडी लावायला लागल्या. त्यांच्या बोटाचा ओला ठसा फोनच्या काचेवर तसाच राहिला होता. नवरीनं तो पुसला आणि पुढचा फोटो काढला. संध्याकाळच्या एसटीनं लातूरला परतताना खिडकीबाहेर सोयाबीन आणि ऊस, ऊस आणि सोयाबीन सरकत होतं, आणि माझ्या कानात ते "आसंल" घुमत होतं. ज्याला आपलं उत्तर पटलेलं नाही, पण आपल्याशी वाद घालायचा नाही, असं माणूस ज्या सुरात बोलतं त्या सुरातलं ते "आसंल" होतं.

तो फोटो मी आठ दिवसांत निदान वीस वेळा बघितला असेल. त्यात ऊस आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हे बेटाचं वेड आम्हाला कुठून लागलं ते सांगायला हवं. २०१६ साली आम्ही चौघी लातूरला एकाच वसतिगृहात राहत होतो. अकरावीचं वर्ष, दिवसभर शिकवण्या, रात्री अभ्यासिका, आणि पाणी नाही. त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी कलम १४४ हे शब्द एका वाक्यात आले ते तेव्हाच. वसतिगृहात दिवसाला माणशी एक बादली. त्या बादलीत अंघोळ, मग अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून त्यात कपडे बुचकळायचे, ते पाणी परत साठवून संडासला. डोक्यावरून पाणी पंधरा दिवसांनी. केसांना घामाचा आणि खोबरेलाचा जो आंबट वास यायचा तो मला आजही मधूनच येतो, केस नुकते धुतलेले असतानाही. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास असायचा, आणि निळ्या प्लास्टिकच्या टिपाडात दोन दिवस राहिलं की त्यावर बारीक साय धरायची. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नवरी, म्हणजे तेव्हाची सोळा वर्षांची पोर, शिकवणी चुकवून स्टेशनकडं पळाली होती. परत आल्यावर ती म्हणाली, "गाडी घामेजल्यासारखी ओली होती गं. वाघिणीच्या पत्र्यावर हात ठेवला तर गार."

त्याच आठवड्यात कधीतरी रात्री वीज गेली आणि आम्ही गच्चीवर झोपायला गेलो. तिनं भूगोलातली व्याख्या मोठ्यानं म्हटली : ज्या भूभागाच्या सर्व बाजूंना पाणी असते त्यास बेट म्हणतात. मग परत म्हटली. सर्व बाजूंना पाणी. आम्ही चौघी गप्प पडून आभाळ बघत होतो, तोंडात कोरड, आणि ते तीन शब्द कुणीतरी कपाळावर ओलं फडकं ठेवावं तसे लागत होते. आपल्यातल्या पहिलीचं लग्न ठरेल तेव्हा आपण अशाच ठिकाणी जायचं, हे त्या रात्रीचं ठरलेलं. पुढं एक लंडनला गेली, एक डॉक्टर झाली, मी बँकेत लागले, नवरी पुण्यात आयटीत. पण पहिल्या पगारापासून चौघींनी महिन्याला तीन हजारांची आरडी सुरू केली, आणि दुसरं काहीही आलं तरी ती मोडली नाही. डॉक्टरीणीच्या वडिलांच्या आजारपणातसुद्धा तिनं माझ्याकडून उसने घेतले, आरडीला हात लावला नाही.

गोवा पहिल्यांदाच बाद झाला, कारण ते बेट नाही. अंदमानवर महिनाभर खल झाला. मग लंडनच्या मैत्रिणीनं बार्बाडोसचं नाव काढलं. तिथं जायला भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे ऐकून आम्ही उडालोच. आपल्या पासपोर्टला न विचारता आत घेणारं दार, तेही इतक्या लांबचं! पण वाट लंडनवरून, आणि लंडनला विमान बदलायचं तर आपल्याला तिथला व्हिसा लागतो. बेटाला नको, पण बेटाच्या वाटेला हवा. त्यासाठी बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, सुट्टी मंजूर असल्याचं पत्र. मुलाखतीला बोलावलं तर "कशाला जाताय" याचं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं याची आम्ही दोन रात्री तालीम केली. "मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून" हे कारण मराठीत किती पुरेसं वाटतं!

माझ्या बाबांना बार्बाडोस लगेच कळलं. "जिथं रोहितनं खेळपट्टी चाखली तेच ना?" २९ जून २०२४ची ती विश्वचषकाची रात्र आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही, सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा बाबा रडले होते. आणि त्यानंतर वादळामुळं आपली टीम तिथंच अडकून पडली होती, म्हणून बाबांचा पहिला प्रश्न वादळाचा. तिकडं वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, फेब्रुवारी-मार्च कोरडे, हे मी त्यांना नकाशा काढून समजावलं. नकाशा काढताना मलाच गंमत वाटली. चौतीस किलोमीटर लांब बेट. लातूरहून अंबाजोगाईला निघालो तर अर्ध्या वाटेच्या थोडं पुढं समुद्र लागेल. आमच्या लातूर जिल्ह्यात असली सोळा बेटं मावतील. आणि त्या एवढ्याशा जमिनीला स्वतःची घटना, स्वतःचा डॉलर. १९६६ साली स्वातंत्र्य, आणि २०२१ साली इंग्लंडच्या राणीला बाजूला करून प्रजासत्ताक.

डॉक्टरीणीनं तिच्या परीनं यादी केली. तिकडच्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या सफरचंदासारखं फळ, दिसायला गोड आणि पक्कं विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं अंगाला फोड येतात. नवरीनं चौघींसाठी मिलिटरी छापाच्या सारख्या पँटी मागवल्या होत्या, त्या परत पाठवाव्या लागल्या, कारण तिथं सामान्य माणसानं त्या छापाचे कपडे घालणं कायद्यानं गुन्हा आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आम्हा चौघींत एकीलाही पोहता येत नव्हतं. आमच्या गावांत पोरं पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत टाकली जायची, चार दिवसांत शिकायची. पोरींना विहिरीच्या काठावर उभं राहायचीही बंदी. जुलैपासून मी लातुरात बायकांच्या बॅचला जाते. पहिल्या दिवशी बाईंनी डोकं पाण्याखाली घालायला सांगितलं आणि मला ते जमेना. भीती बुडायची नव्हती. इतकं पाणी एकाच वेळी अंगाला लागतंय याचीच मला लाज वाटत होती, जणू कुणाच्या तरी वाट्याचं सांडतेय. आता जमतं. कान पाण्याखाली गेले की आत जी शांतता होते ती मला फार आवडायला लागली आहे.

आईचं वेगळं होतं. 'बॅचलरेट' हा शब्द तिला सांगून झाला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे केळवणच की." मग थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "पण केळवण घरातले करतात. मैत्रिणींनी करायचं म्हणजे चांगलंच आहे." ती एवढंच म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. तिची एक जिवाभावाची मैत्रीण कळंबची. लग्नानंतर दोघी तीन-चारदा भेटल्या असतील, त्याही कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत, कडेवर पोरं घेऊन. आमच्या आयांच्या पिढीत मैत्रिणी लग्नाच्या मांडवात हरवायच्या. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं गाव बदलायचं, आडनाव बदलायचं, आणि संपलं. आमच्या नवरीचं सासर नागपूरकडचं. लोकांना वाटतं आम्ही मजा मारायला चाललोय. मजा तर करायचीच आहे, अगदी पोटभर. पण चौघींच्याही मनात तळाशी हे आहे की पाच दिवस एका खोलीत राहून घ्यावं, पुढं असं राहायला मिळेल की नाही कुणास ठाऊक. दसऱ्याच्या आसपास आई अर्ध्या तिकिटात एसटीनं कळंबला जाऊन आली. एक रात्र राहिली. आल्यावर काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, रात्रभर जागलो."

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा कोसळला की सगळ्यांची बोलतीच बंद झाली. ज्या मांजरेत आमच्या वसतिगृहाच्या काळात धूळ उडत होती तीच मांजरा पात्र सोडून रानात शिरली. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, जनावरं गेली, माती खरवडून गेली. दोन-तीन आठवडे ग्रुपवर सहलीचं अवाक्षर नव्हतं. नवरीनं एकदाच लिहिलं, "मावशींचं दोन एकर रान ओढ्यानं नेलं." सर्व बाजूंना पाणी. ते शब्द मला त्या दिवसांत नकोसे झाले होते.

आणि त्याच दिवसांत तिकीट काढायची वेळ आली, कारण भाव वाढत चालले होते. एक लाख अठ्ठावीस हजार. माझी साडेतीन वर्षांची आरडी. पैसे भरून झाले आणि बँकेतल्या सवयीनं हाताशी कागद-पेन होतं म्हणून असेल, मी एक हिशेब मांडला जो मी मांडायला नको होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक लाख अठ्ठावीस हजार भागिले ३६६. साडेतीनशे टन. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोघांची मिळून मजुरी, दोघांना मिळून एकच नाव – कोयता. साडेतीनशे टन म्हणजे दोन टनांनी धरले तरी पावणेदोनशे दिवस. मावशी आणि त्यांचा नवरा पहाटे चारला उठून, खोपीतली चूल पेटवून, थंडीत फडात शिरून, तोडून, साळून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरून अख्खा हंगाम जे करतात ते आणि वर आणखी काही. माझ्या एका तिकिटात.

कागद मी फाडला. तिकीट रद्द केलं नाही. हे लिहिताना मी स्वतःला परत विचारून बघितलं, रद्द करायला हवं होतं का? नाही. ती आरडी माझ्या घामाची आहे, गच्चीवरची ती रात्र माझी आहे, आणि दुष्काळातल्या पोरींनी समुद्रात उतरू नये असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण मावशींनी विचारलेल्या प्रश्नाला "मशीन असतील" असं उत्तर देऊन मला तिथं जाता येणार नव्हतं. मग रोज रात्री जेवणं झाली की मी वाचायला बसू लागले.

त्या बेटाला पोर्तुगीज खलाशांनी 'दाढीवाले' या अर्थाचं नाव दिलं असं म्हणतात, आणि ती दाढी म्हणजे तिथल्या एका जातीच्या झाडाच्या लोंबत्या पारंब्या. आपल्या वडाच्याच कुळातलं झाड. ती झाडं तोडून १६४०च्या दशकात तिथं ऊस आला, आणि ऊस आला म्हणून माणसं आणली. आफ्रिकेतून, साखळदंडात, जहाजाच्या तळाशी निजवून. दोनशे वर्षं तोड त्यांनी केली. बायका पुरुषांच्या बरोबरीनं फडात होत्या. १८१६ साली बुसा नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली ते उठले, उसाच्या फडांना आगी लावल्या, मारले गेले. १८३४ साली कायद्यानं गुलामी संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं राबवून घेतलं, आणि १८३८ साली ते खरे सुटले. त्याच १८३८ साली आपल्याकडून पहिली जहाजं गयानाकडं निघाली. ऊसच तोडायला. पाच वर्षांचा करार, 'ॲग्रीमेंट'चं झालं गिरमिट, आणि ती माणसं झाली गिरमिटिये. पुढं त्रिनिदाद, जमैका, सुरिनाम. १९१७ पर्यंत हे चालू होतं. बार्बाडोसला मात्र गिरमिटिये नेले नाहीत. तिथं सुटलेली माणसंच इतकी दाटीवाटीनं होती, आणि जमीन सगळी मळेवाल्यांची, की ती जाणार कुठं? तीच परत फडात.

आधी हातात पैसे ठेवायचे आणि मग ते फिटेपर्यंत माणूस बांधून ठेवायचं, हे आम्हा बीड-लातूरकडच्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मुकादम आखाडात उचल देतो. त्या उचलीवर पोरीचं लग्न होतं, दवाखाना होतो, घरावर पत्रे पडतात. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. गुलामीची आणि याची बरोबरी मी करत नाही. साखळदंड तो साखळदंड. पण "तिकडं तोड कोण करतं" हा प्रश्न मावशींनी उगाच विचारला नव्हता. ऊस दिसला की त्याच्या मागचं माणूस त्यांना दिसतंच. कुणीतरी असणार. गोड आपोआप होत नाही.

आणखी एक गोष्ट सापडली, ती वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले. हंगाम संपला, शेवटचा ऊस गाडीत चढला की त्या बेटावर सण असायचा. नावच 'क्रॉप ओव्हर'. शेवटची गाडी फुलांनी, रंगीत फितींनी सजवून वाजत-गाजत न्यायची. उसाच्या पाचटाचा एक बाहुला करायचा, त्याचं नाव मिस्टर हार्डिंग, म्हणजे हंगामानंतरच्या कडकीच्या दिवसांचा बाप, आणि तो जाळायचा. साखरेचा धंदा बसला तसा हा सण १९४०च्या दशकात बंद पडला, १९७४ साली परत सुरू झाला आणि आता ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपर्यंत सगळं बेट नाचतं. आणि त्यात राजा-राणी निवडतात. कोण? त्या हंगामात सगळ्यांत जास्त ऊस तोडणारा पुरुष आणि सगळ्यांत जास्त ऊस तोडणारी बाई. त्यांच्या डोक्यावर मुकुट. आता ऊस थोडा उरलाय आणि बहुतेक तोड यंत्रानं होते, तेव्हा डॉक्टरीणीचं उत्तर आजच्यापुरतं बरोबर निघालं. पण मला ती राणी दिसत राहिली.

ग्रुपवर मी लिहिलं की एक सकाळ आपण समुद्रावर न जाता आत जाऊ. ती दगडी पवनचक्की बघू, फड बघू, आणि न्यूटन नावाच्या मळ्यात गुलामांची दफनभूमी आहे, सुमारे ५७० माणसं मातीखाली आहेत, तिथं जाऊ. लंडनच्या मैत्रिणीनं अंगठा दाखवला. नवरी काहीच बोलली नाही. रात्री तिचा फोन आला. "लग्नाआधी स्मशानात नेतेस होय मला?" ती चिडलेली नव्हती, दुखावली होती, आणि तिचं दुखणं मला कळत होतं. तिच्या घरी हळदीच्या हिशेबानं दिवस मोजणं चालू होतं, आणि मी तिच्या पाच दिवसांत थडगी आणत होते. ती म्हणाली, "मी मावशींना जन्मल्यापासून बघते. तुला आत्ता दिसल्या." हे खरं होतं. मी बराच वेळ गप्प राहिले. शेवटी ठरलं ते असं : चौथ्या दिवशी सकाळी मी आणि डॉक्टरीण जाणार, त्या दोघी किनाऱ्यावर थांबणार. ग्रुपवरच्या तक्त्यात त्या खान्यात नवरीनं काहीच लिहिलेलं नाही. तो खाना मोकळा आहे.

दिवाळीनंतर मी परत केजला गेले, नवरीच्या बस्त्यासाठी. दुपारी मावशींच्या वस्तीवर गेले. ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढं उभा होता. ट्रॉलीत पत्रे, बांबू, दोन बाजा, ज्वारीची पोती, भांड्यांची बोचकी, एका टोपलीखाली कोंबड्या. एक शेळी ट्रॉलीच्या कडेला बांधलेली, ती सारखी गळा काढत होती. मावशी उंबऱ्यात बसून कोयत्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळत होत्या. ओढून एक वेढा, अंगठ्यानं दाबून दुसरा. मुठीच्या लाकडावर चार बोटांच्या जागी खळगे पडलेले, गुळगुळीत, आणि ट्यूब गुंडाळली तरी ते खळगे वरून कळत होते. मी शेजारी टेकले आणि म्हटलं, मावशी, तुम्ही विचारलं होतं ना, तिकडं तोड कोण करतं, त्याचं सांगायला आले. त्यांना आठवेना. फोटोची आठवण दिली तेव्हा हसल्या.

मी सांगितलं. आफ्रिकेचं, साखळदंडाचं, आपल्या गिरमिटवाल्यांचं. त्या ऐकत होत्या, हात थांबला नव्हता. राणीचं सांगितलं तेव्हा थांबला.

"तोडणाऱ्या बाईला?"

"हो."

"राणी?"

"हो मावशी. सगळ्यात जास्त तोडली म्हणून."

त्यांनी वेढा सैल झालेला परत ओढला. "आमी बी पट्टा पडला, हंगाम सरला की शेवटच्या गाडीला नारळ-फुलं बांधतो, गुलाल खेळतो. नाचतो बी." मग जरा थांबून विचारलं, "किती टन तोडत आसंल ती?"

तोडीची बाई दुसऱ्या तोडीच्या बाईबद्दल विचारत होती. मी महिनाभर एवढं वाचलं, टनांचं मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, तिथं जाऊन विचारते. त्या म्हणाल्या, "आन् कोयता बघून या तिचा. वाकडा हाय का सरळ. आपल्याएवढाच हाय का थोरला." फोटो आणते म्हटलं, तर मान हलवली. "फोटूत काय कळतंय लांबी?" त्यांनी बोचक्याचं तोंड बांधायची सुतळी ओढली, कोयत्याच्या टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत ताणून धरली, जिथं मूठ सुरू होते तिथं एक गाठ मारली, टोकाला दुसरी, आणि कोयत्यानंच कट्कन तोडून माझ्या हातात दिली. "ही लावून बघा."

ट्रॅक्टर अंधार पडताना निघाला. व्हिसा आठ दिवसांपूर्वी आला. सुतळी मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे, घडी घातलेली. पाकीट उघडलं की आतून पेंढीचा आणि थोडासा गंजाचा वास येतो.